डोळे उघडले, हे इंग्रजीत कसं सांगायचं?

प्रश्न विचारणारे कृषी पदवीधर आहेत. तोडलेला ऊस गाळपाला जाईपर्यंत किती तास जातात आणि त्यात साखरेचा उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण, किती घटतो, हे मोजायला ते ऊसतोड कामगारांच्या फडावर तीन महिने राहिले. आता परदेशातल्या एका विद्यापीठासाठी त्यांना दोन पानी इंग्रजी निबंध लिहायचा आहे. मसुद्याचं पहिलंच वाक्य असं: 'इट वॉज अ व्हेरी आय-ओपनर एक्सपिरियन्स अँड आय हॅड मेनी एपिफनीज.' मित्र म्हणतो 'रेव्हलेशन' लिही. शब्दकोशाने 'सेरेंडिपिटी' दाखवली. यातला नेमका शब्द कोणता, आणि या सगळ्यांत फरक तरी काय, असं त्यांनी विचारलं आहे. सोबत मसुदाही पाठवला आहे, तो समोर ठेवूनच लिहिते.

मी सव्वीस वर्षं इंग्रजी-मराठी भाषांतर करते. अलीकडे अशा निबंधांवर लाल पेन फिरवण्याचंही काम येतं. त्यामुळे हे शब्द मला रोज भेटतात, आणि बहुतेकदा चुकीच्या जागी भेटतात. कारण आपण त्यांचा अर्थ कोशात बघतो आणि कोश म्हणतो 'आश्चर्यकारक अनुभव'. प्रत्यक्षात यातला एकही शब्द अनुभवाचं वर्णन करत नाही. अनुभवाच्या आधी तुम्ही कुठे उभे होता, तुम्हाला काय माहीत होतं, काय वाटत होतं, याची तो कबुली असते. कबुली कशाची द्यायची हे ठरलं की शब्द सापडतो.

'सरप्राइज'पासूनच बघा. तुमच्या मसुद्यात एक वाक्य आहे: 'आय वॉज सरप्राइज्ड दॅट द वर्कर्स वेअर सो इंटेलिजंट.' ते आधी खोडा. व्याकरण अगदी बरोबर आहे, आणि तुम्ही ते कौतुकानेच लिहिलंय हे मला कळतं. पण वाचणाऱ्याला त्यात कामगार दिसणार नाहीत, तुम्ही दिसाल: हे लोक मठ्ठ असतील असं समजून फडावर गेलेले तुम्ही. 'सरप्राइज' म्हणजे अपेक्षाभंग, मग तो चांगला असो की वाईट. कोणाच्या हुशारीबद्दल, स्वच्छतेबद्दल, प्रामाणिकपणाबद्दल तुम्ही सरप्राइज झालात की तुमची आधीची अपेक्षा चव्हाट्यावर येते. मराठीत आपण 'आश्चर्य वाटलं' सहज म्हणतो आणि ते खपूनही जातं. इंग्रजी निबंध वाचणारा परीक्षक मात्र अशाच वाक्यांवर थांबतो.

या शब्दाचं मूळ लष्करी वळणाचं आहे. फ्रेंचमधून आला, अर्थ अवचित येऊन पकडणे. मी स्वतः यावर आपटले आहे. नवखी असताना एकोणिसाव्या शतकातल्या एका इंग्रज अधिकाऱ्याचा मजकूर भाषांतराला आला होता. त्यात मराठ्यांनी एका किल्ल्यावरच्या शिबंदीला 'सरप्राइज' केल्याचा उल्लेख होता. मी इमानेइतबारे लिहिलं, 'मराठ्यांनी किल्ल्यावरच्या शिबंदीला आश्चर्यचकित केले.' संपादक म्हणाले, 'अहो, काय फुलं दिली का त्यांना? छापा घातलाय तो!' कोशकार नोआ वेबस्टरबद्दल एक दंतकथा सांगतात, तीही याच अर्थावर उभी आहे. मोलकरणीचं चुंबन घेताना बायकोने पाहिलं. ती म्हणाली, 'आय अ‍ॅम सरप्राइज्ड!' यावर हे महाशय म्हणाले, 'नाही, सरप्राइज्ड मी आहे. तू अ‍ॅस्टॉनिश्ड आहेस.' घडलेलं नसणारच, पण शब्दांचा फरक यापेक्षा चांगला कोणी सांगितलेला मी पाहिला नाही.

'अ‍ॅस्टॉनिश', 'अ‍ॅस्टाउंड' आणि 'स्टन' ही तिन्ही भावंडं लॅटिनमधल्या मेघगर्जनेच्या धातूपासून आलेली. संस्कृतात गर्जणाऱ्या मेघाला स्तनयित्नु म्हणतात, तोही त्याच कुळातला मानतात. म्हणजे वीज कडाडल्यावर माणूस जसा जागच्या जागी थिजतो, तसं. आपल्याकडे थक्क, अवाक, चाट, गार, अशी उतरंड आहे आणि प्रत्येकाची पायरी वेगळी आहे. इंग्रजांनी 'गॉबस्मॅक्ड' म्हणून एक शब्द काढला, त्याचा तर आपला वाक्प्रचार जुळा भाऊच आहे. गॉब म्हणजे तोंड, स्मॅक म्हणजे चपराक: तोंडात मारल्यासारखं होणं. फक्त आपलं तोंडात मारल्यासारखं होणं ओशाळवाणं असतं, त्यांचं नुसतंच चकित होणं. हा शब्द आणि 'फ्लॅबरगास्टेड' गप्पांत छान वाटतात, निबंधात नकोत.

आता 'शॉक्ड'. तुम्ही लिहिलंय, 'आय वॉज शॉक्ड बाय देअर हॉस्पिटॅलिटी.' पाचटाच्या कोपीत, म्हणजे उसाच्या वाळक्या पाल्याच्या खोपटात, राहणाऱ्या बाईने आपल्यातली अर्धी भाकरी तुमच्या ताटात घातली, त्याबद्दल हे वाक्य आहे. आपण मराठीत 'मी तर शॉकच झालो' असं पेढा मिळाला तरी म्हणतो, त्यामुळे हा शब्द आपल्या हातून फार सैल सुटतो. इंग्रजीतला 'शॉक्ड' बहुतेकदा नाक मुरडतो. त्यात धक्का असतो आणि नापसंती असते. त्यांच्या पाहुणचाराने तुम्ही शॉक झालात म्हणजे तो पाहुणचार वाईट तरी होता किंवा अश्लाघ्य तरी. 'मूव्ह्ड' लिहा. खरं तर काहीच लिहू नका, भाकरी लिहा.

'आय-ओपनर'कडे येऊ. पहिली दुरुस्ती: हे नाम आहे. 'व्हेरी आय-ओपनर' होत नाही. 'अ रिअल आय-ओपनर' होईल, किंवा विशेषण हवंच असेल तर 'आय-ओपनिंग'. शब्द अमेरिकेतला, एकोणिसाव्या शतकातला, आणि तिथे त्याचा एक अर्थ होता सकाळी उठल्या उठल्या घेतलेला दारूचा घोट. डोळे उघडायला लागतो तो. डॉक्टर दारूचं व्यसन ताडायला चार प्रश्न विचारतात, त्यातल्या चौथ्या प्रश्नात हा अर्थ अजून जिवंत आहे. आरोग्यविषयक प्रश्नावलीचं भाषांतर करताना माझ्या एका सहकारी मुलीने तिथे लिहिलं होतं, 'तुम्हाला सकाळी डोळे उघडणारा अनुभव येतो का?' छपाईला जाण्याआधी सापडलं म्हणून ठीक. नाही तर गावोगावच्या पेशंटांनी मोठ्या श्रद्धेने 'हो' म्हटलं असतं.

आजच्या अर्थी 'आय-ओपनर' म्हणजे डोळ्यांत अंजन. दोन्हींत डोळे आहेत, पण कर्ता वेगळा. अंजन कोणीतरी घालतं: अग्रलेख घालतो, आजोबा घालतात, आणि ते झणझणीत असतं. 'आय-ओपनर'मध्ये घालणारा नसतो, प्रसंगच डोळे उघडतो. कबुली काय, तर माझे डोळे मिटलेले होते. वस्तू समोर होती, सगळ्यांना दिसत होती, मी बघत नव्हतो. त्यामुळे हा शब्द नम्र आहे आणि म्हणूनच निबंध लिहिणाऱ्यांना आवडतो. इतका आवडतो की आता त्यात काही उरलेलं नाही. शंभर अर्जांत साठ आय-ओपनर असतील असा माझा आपला हिशोब. वापरायचा तर एकदाच वापरा, आणि लगेच पुढच्या वाक्यात डोळे उघडल्यावर दिसलं काय ते सांगा.

'रेव्हलेशन'मध्ये डोळे उघडेच असतात. मध्ये पडदा असतो. लॅटिन 'वेलम' म्हणजे पडदा, तो दूर करणे म्हणजे हा शब्द. नव्या कराराचं शेवटचं पुस्तक याच नावाचं, मराठी बायबलात 'प्रकटीकरण'. ग्रीकमध्ये त्याच पुस्तकाचं नाव 'अपोकॅलिप्स', त्याचाही अर्थ झाकण काढणे इतकाच. जगबुडी वगैरे भानगड त्या पुस्तकातल्या मजकुरामुळे मागाहून शब्दाला चिकटली. जाता जाता, निलगिरीच्या झाडाचं 'यूकॅलिप्टस' हे नावही त्याच झाकण्याच्या धातूवरून आलंय: नीट झाकलेलं, कारण त्याच्या कळीवर टोपी असते. असे धागे मिळाले की मला मूळ काम सोडून त्यामागे जायचा मोह होतो, म्हणून इथेच थांबते.

धर्मातल्या 'रेव्हलेशन'मध्ये पडदा दूर करणारा कोणी तरी असतो. आपल्याकडचा 'दृष्टांत' त्याच्या सगळ्यात जवळ जातो. नामदेवांनी स्वप्नात येऊन तुकोबांना कवित्व करायला सांगितलं, हे तुकोबा स्वतःच सांगतात. निरोप आला, तो आणणारा होता. आपल्याला कळणं आणि आपल्याला सांगितलं जाणं यांत जो फरक आहे, तो हाच.

रोजच्या इंग्रजीत 'रेव्हलेशन' दोन दिशांना गेलाय आणि मराठी माणूस दोन्हीकडे अडखळतो. अनेकवचनी 'रेव्हलेशन्स' म्हणजे वर्तमानपत्री गौप्यस्फोट. कोणाचं पितळ उघडं पडलं, कोणाचं बिंग फुटलं, ते. आणि एकवचनी 'शी वॉज अ रेव्हलेशन' म्हणजे त्या बाईने काही उघड केलं असं नव्हे. आम्ही तिला किरकोळ समजत होतो आणि ती निघाली अफाट. नव्या नटीबद्दल, नव्या बॅट्समनबद्दल असं म्हणतात. कौतुक आहे, पण पुन्हा तीच कबुली: आम्ही आधी तिला मोजलंच नव्हतं. 'रिव्हीलिंग' हे विशेषण मात्र जपून. मुलाखत 'रिव्हीलिंग' असू शकते, आकडा असू शकतो, आणि कपडेही असू शकतात. कोणत्या शेजारी शब्द बसवताय ते पाहा. मला स्वतःला तिथे 'टेलिंग' आवडतो: 'अ टेलिंग डीटेल', म्हणजे न बोलता बोलणारी गोष्ट.

तुमच्या मसुद्यात खरं 'रेव्हलेशन' एक आहे. हंगाम संपला तरी काही नवरा-बायकोच्या जोड्यांची उचल, म्हणजे हंगामाआधी हातात पडलेली आगाऊ रक्कम, फिटत नाही आणि राहिलेली बाकी पुढच्या वर्षावर जाते, हे तुम्हाला मुकादमाने, म्हणजे कामगारांची टोळी आणणाऱ्या ठेकेदाराने, अडीच महिन्यांत सांगितलं नव्हतं. एका रात्री गाडी भरून झाल्यावर एका कामगाराने सांगितलं. इथे पडदा होता, तो कोणीतरी धरून ठेवलेला होता आणि दुसऱ्या कोणीतरी बाजूला केला. हा शब्द तिथे शोभेल.

'एपिफनी'वर मात्र मी थोडी हट्टी आहे. हा शब्द इतका नेमका आहे, आणि सध्या सकाळी दात घासताना सुचलेल्या विचारालाही लोक एपिफनी म्हणतात. मूळ ग्रीक, अर्थ प्रकट होणे, देवतेने दर्शन देणे. ख्रिस्ती पंचांगात ६ जानेवारीचा सण. ताऱ्याच्या मागोमाग पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी पुरुषांना बाळ येशूचं दर्शन झालं, तो दिवस. आपल्या शेजारी गोव्यात तो थाटात होतो. मांडवीच्या काठावर पणजीच्या समोर रेइश मागुश आहे, त्या नावाचा अर्थच ते तीन राजे. तिथे, चांदरला आणि कासावलीला मुकुट घातलेली तीन मुलं राजे होऊन मिरवतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आयरिश लेखक जेम्स जॉयसने हा शब्द चर्चच्या बाहेर काढला आणि साध्या, क्षुल्लक प्रसंगात एकाएकी वस्तूचं मर्म झळकून जाण्याला वापरला. साहित्यातला आजचा अर्थ तिथून येतो.

त्याची खूण अशी की नवी माहिती काहीच मिळत नाही. गोठ्यात बाळ होतंच, ते कोण आहे हे कळलं. सगळे तुकडे तुमच्याकडे आधीपासून असतात, एका क्षणी ते आपोआप जागेवर बसतात. मराठीत 'साक्षात्कार' याच्या जवळचा आहे. 'साक्षात्' म्हणजे डोळ्यांसमोर, तेव्हा डोळे इथेही आले. पण आपण तो शब्द उपरोधात इतका झिजवलाय ('आत्ता झाला का साक्षात्कार?') की गंभीरपणे वापरायची सोय राहिली नाही. 'उमगलं' हा साधा शब्द मला जास्त खरा वाटतो. आणि एपिफनी 'मेनी' नसतात. तीन महिन्यांत एखादी झाली तर नशीब समजा. ती कोणती, ते शेवटी सांगते, कारण ती तुमच्या मसुद्यात आहे आणि तुम्ही तिला पाचव्या परिच्छेदात पुरून ठेवलं आहे.

'युरेका' पटकन उरकू. आर्किमिडीज, सिराक्यूज, राजाचा मुकुट, हौदाबाहेर सांडलेलं पाणी ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. ती आपल्याला कळली विट्रुव्हियस या रोमन वास्तुकाराकडून, म्हणजे आर्किमिडीजनंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी, तेव्हा उघडं धावण्याचा तपशील किती मानायचा ते तुम्ही ठरवा. शब्दाचा अर्थ 'मला सापडलं'. अट एकच: तुम्ही शोधत होता. डोक्यात प्रश्न घेऊन हिंडणाऱ्यालाच युरेका होतो. आपल्या बोलण्यात ही जागा 'ट्यूब पेटली'ने घेतली आहे, आणि इंग्रजीत तिचा खरा जोडीदार 'द पेनी ड्रॉप्ड'. नाणं टाकायच्या जुन्या यंत्रात पेनी अडकायची, थोड्या वेळाने खाली पडायची आणि मग यंत्र चालायचं. आपली ट्यूब चोक-स्टार्टरवाली, दोनदा फडफडणार, कडेला काळी पडणार, मग पेटणार. दोन्हींत उशीर आहे आणि उशिराची थट्टा आहे. एलईडी आल्यापासून दिवा लगेच लागतो, त्यामुळे माझ्या भाच्याला ही म्हण मुळापासून समजावून सांगावी लागली. इंग्रजांच्या पोरांनाही पेनीचं यंत्र कुठे माहीत असतं म्हणा.

आता 'सेरेंडिपिटी', तिचं आपल्याशी जुनं नातं आहे. इंग्रज लेखक होरेस वॉलपोलने २८ जानेवारी १७५४ रोजी एका पत्रात हा शब्द घडवला. सेरेंडिप म्हणजे श्रीलंका: सिंहलद्वीपचं अरबी-फारसी तोंडी सरनदीब झालं, तिथून युरोपात सेरेंडिप. सेरेंडिपच्या तीन राजपुत्रांची एक जुनी गोष्ट होती, १५५७ मध्ये व्हेनिसला इटालियनमध्ये छापली गेलेली. हे राजपुत्र वाटेवरच्या खुणांवरून न पाहिलेल्या उंटाचं वर्णन करतात. वॉलपोलने पत्रात उंटाचं खेचर केलं: रस्त्याच्या डाव्या बाजूचंच गवत खाल्लेलं, म्हणजे ते उजव्या डोळ्याने आंधळं. आपल्या बिरबलाच्या गोष्टींत सहज खपेल असा मामला. पण वॉलपोलने व्याख्या करताना दोन गोष्टी सांगितल्या: योगायोग आणि चाणाक्षपणा. शोधत नव्हता ते सापडलं पाहिजे, आणि सापडलंय हे ओळखायची अक्कल पाहिजे.

या दुसऱ्या अटीमुळेच मराठीत नेमका शब्द मिळत नाही. 'योगायोग'मध्ये अक्कल नाही, 'घबाड'मध्ये तर मुळीच नाही. संस्कृतातून आलेले दोन न्याय आहेत. कावळा बसायला आणि ताडाचं फळ पडायला गाठ पडली, तो काकतालीय न्याय. किड्याने लाकूड पोखरता पोखरता अक्षर उमटलं, तो घुणाक्षर न्याय. दोन्ही सुंदर आहेत, पण कावळ्याला आणि किड्याला आपण काय केलं याचा पत्ता नाही. हाच फरक दाखवायला मी अजिंठ्याचं उदाहरण देते. २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रासच्या घोडदळातला जॉन स्मिथ नावाचा अधिकारी वाघाच्या शिकारीला गेला आणि त्याला वाघुर नदीच्या वळणावर लेण्यांची कमान दिसली. दहाव्या लेण्यात खांबावर त्याने आपलं नाव आणि तारीख कोरून ठेवली, चित्रावरच. याला कोणी सेरेंडिपिटी म्हटलं की मी मान हलवते. आसपासच्या लोकांना लेणी ठाऊक होती हा एक मुद्दा. दुसरा हा की योगायोगाचा भाग झाला, पण समोर काय आहे हे ओळखून काही करण्याऐवजी ज्याने चाकू काढला त्याला वॉलपोलच्या मापाने अर्धेच गुण मिळतील.

तुमची सेरेंडिपिटी खरी आहे. तुम्ही गेलात तास आणि उतारा मोजायला. गाडीच्या वेळा मुकादमाच्या वहीत असतात म्हणून वही मागितलीत. वेळांपेक्षा वहीच बोलू लागली आणि तुम्ही ती उतरवून घ्यायला लागलात. पण निबंधात 'सेरेंडिपिटी' हा शब्द नका घालू. गोड शब्द आहे, अत्तराच्या दुकानाचं नाव वाटतं, आणि फडावरच्या गोष्टीला तो शोभत नाही. नुसतं लिहा की मी वेळा पाहायला वही घेतली होती.

मित्राने 'डिसइल्यूजनमेंट'ही सुचवलंय म्हणता. त्यात लॅटिनमधला खेळण्याचा धातू आहे: कोणीतरी आपल्याशी खेळत होतं, तो खेळ संपला. मराठीत भ्रमनिरास, आणि घरच्या भाषेत भ्रमाचा भोपळा फुटणं. पण भोपळा फुटल्यावर आपण हसू शकतो, 'डिसइल्यूजन्ड' माणूस हसत नाही. तो कडवट झालेला असतो आणि बहुधा काम सोडून निघालेला असतो. तुम्ही त्याच विषयात पुढे शिकायला निघालात, मग हा शब्द कशाला? 'वेक-अप कॉल'ही नको. हॉटेलात पहाटे फोन करून उठवतात तो हा, आणि उठवल्यावर उठून काहीतरी केलं असेल तरच त्याला अर्थ. 'मोमेंट ऑफ ट्रूथ' तर वेगळ्याच कुळातला, स्पेनमधल्या बैलझुंजीतून आलेला. शेवटचा वार करायची ती घडी. सत्य कळण्याचा क्षण असा त्याचा अर्थ घेऊन आपल्याकडे सर्रास वापरतात, पण तो कसोटीचा क्षण आहे.

इतकं नामांबद्दल झाल्यावर मी सांगणार आहे की शक्यतो नाम वापरूच नका. मराठी वाक्यात अनुभव माणसाकडे चालत येतो: मला कळलं, मला उमगलं, माझ्या लक्षात आलं, मला कळून चुकलं. माणूस कर्ता नसतो, त्याच्यावर गोष्ट येऊन आदळते. इंग्रजी शिकताना आपल्याला 'आय'पासून वाक्य सुरू करायची सवय लावतात, म्हणून या सगळ्याचं एकच कडबोळं होतं: 'आय केम टू नो'. तुमच्या मसुद्यात ते अकरा वेळा आहे, मोजलं मी. खरं तर इंग्रजीतही आपल्यासारखी वळणं आहेत. 'इट ऑकर्ड टू मी', सहज मनात आलं. 'इट स्ट्रक मी', खटकन जाणवलं. 'इट डॉन्ड ऑन मी', उजाडावं तसं हळूहळू लक्षात आलं. 'इट सँक इन', कळलं होतंच, आता आत उतरलं. 'कळून चुकलं'मधला तो परत न फिरण्याचा भाव इंग्रजीत आणायला मी बहुतेकदा 'सँक इन' घेते, कधी नुसता 'आय न्यू दॅट' लिहून पूर्णविराम देते. मराठी माणसाला ही वाक्यं मुळात परकी नाहीत, शाळेने ती करून ठेवलीत.

आता तुमचा पाचवा परिच्छेद. तुम्ही लिहिलंय की मुकादमाच्या वहीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा गडी असेल तर अर्धा कोयता. दोघांतलं एक जरी आलं नाही तरी खाडा. ही यादी तुम्ही रोज संध्याकाळी उतरवून घेत होता, आणि तीन आठवड्यांनी तुमच्या ध्यानात आलं की यादीत बाईचं नाव एकदाही आलेलं नाही. ऊस तोडणाऱ्यांत निम्म्या बाया, मोळ्या वाहणाऱ्यांतही बाया, तुमच्या ताटात भाकरी घालणारी बाई, आणि वहीत एकही नाही.

ही तुमची एपिफनी. नवं काहीच कळलं नाही. यादी तीच, अक्षर तुमचंच. म्हणून निबंध इथून सुरू करा, आणि शब्द न वापरता करा. मी असं लिहीन:

'ऑन द मुकादम्स लिस्ट अ मॅन अँड हिज वाइफ आर काउंटेड अ‍ॅज वन कोयता, वन ब्लेड. आय कॉपीड दॅट लिस्ट एव्हरी इव्हिनिंग फॉर थ्री वीक्स बिफोर इट डॉन्ड ऑन मी दॅट देअर वॉज नॉट अ सिंगल वूमन्स नेम ऑन इट.'

पुढचा परिच्छेद उचलीच्या बाकीचा घ्या. तिथे 'रेव्हलेशन' ठेवायचं असेल तर ठेवा, माझी हरकत नाही, मात्र सांगणाऱ्या कामगाराची ओळख पटेल असा तपशील काढून टाका. त्याला पुढच्या हंगामात त्याच मुकादमाकडे जायचं असेल. 'आय-ओपनर' पहिल्या ओळीतून गेलाच आहे. 'उचल'साठी तुम्ही 'लोन' लिहिलंय, तिथे 'अ‍ॅडव्हान्स' करा, आणि हंगामाआधी हातात पडते हे दोन शब्दांत सांगा. 'कोयता' इंग्रजीतही कोयताच राहू द्या. 'सिकल' केलंत तर वाचणाऱ्याला विळा दिसेल, आणि विळ्याने ऊस तुटत नाही.